शालनबाईंचं मशीन माहेरी जातं

वर्षालीनं तो एक प्रश्न विचारला नसता, तर पुढचं रामायण घडलं नसतं. फुप्फुसाचे जुनाट आजार माणसाला का जडतात याचा शोध घेणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. काळेवाडीतल्या दोन खोल्यांत शालनबाईंसमोर बसून तिनं आधी सगळं सरळ विचारलं. खोकला कधीपासून, जिना चढताना दम लागतो का, घरात कुणी विडी ओढतं का. शालनबाईंनी तिला चहाबरोबर खारीही दिली. मग पोरीनं विचारलं, "मावशी, लहानपणी माहेरी चूल होती का?"

होती की, असं शालनबाई कौतुकानं म्हणाल्या. तेव्हा वर्षालीनं समजावून सांगितलं, की माणसाची फुप्फुसं लहानपणी वाढतात, त्या वयात धूर गेला तर ती पुरती वाढतच नाहीत आणि पुढे चाळिशीत दम लागायला लागतो. म्हणजे दुखण्याचं मूळ तिकडंही असू शकतं.

शालनबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इथं शेजारी सुजितचं पावडर कोटिंगचं शेड दिवसभर घरघरतं, नवरा रोहिदास चाकणच्या कंपनीतून अंगाला ऑइलचा वास घेऊन येतो, खिडकीची जाळी पुसली की फडकं काळं होतं. आणि बोल कुणाला, तर केजकडच्या माहेराला. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर त्यांनी खारीची बशी मागे ओढून घेतली असती.

खरं दुखणं वेगळंच होतं. माहेरी जाऊन त्यांना दोन वर्षं होत आली होती. निघायचं ठरलं की रोहिदासला ओव्हरटाइम लागायचा, नाहीतर नणंदेकडे काही कार्य निघायचं. आई, सोजरबाई, हल्ली फोनवर "कधी येतीस" असं विचारतही नव्हत्या आणि शालनबाईंना तेच जास्त लागायचं. विचारत होती तोवर निदान वाट तरी बघत होती.

जाताना वर्षाली एक डबीएवढं मशीन देऊन गेली. आठवडाभर गळ्यात घालायचं, झोपताना उशाशी ठेवायचं. हवेतला धूर आणि धूळ ते मोजणार, आकडे आपोआप तिच्या मोबाइलवर जाणार. शालनबाईंनी एक दिवस ते इमानानं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनात आलं, की एकाच बाजूची साक्ष काढायची ही कुठली रीत? मशीननं एकदा माहेरची हवा बघावी आणि मग काय तो निकाल द्यावा. आपल्याला जाता येत नाही, त्याला तर येतं.

केजला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे, लक्ष्मणरावांकडे, त्या नेहमी आईसाठी औषधं द्यायच्या. या खेपेला औषधांच्या पिशवीत मशीन गेलं. माझ्या गळ्यातलं आहे, हवेचा वास घेतं, नीट ठेव, एवढाच निरोप त्यांनी दिला.

दोन दिवसांनी वर्षालीचा घाबराघुबरा फोन आला. सकाळ-संध्याकाळ आकडे भलतेच चढत होते. घरात काय जळतंय, असं तिनं विचारलं. शालनबाई म्हणाल्या, मिरचीची फोडणी दिली. दोन्ही वेळेला? दोन्ही वेळेला. रोज? आमच्यात तिखटच लागतं.

दुपारी वर्षाली तिच्या सरांना आणि दुसऱ्या मोठ्या मशीनला घेऊन हजर झाली. त्यांनी गॅस पेटवून पाहिला, खिडकी उघडली आणि मग त्यांची नजर सुजितच्या शेडकडे वळली. सुजितनं साहेबलोक बघितले आणि शटर ओढून घेतलं. शालनबाईंनी तक्रार केली म्हणून गल्लीभर झालं आणि त्याच्या बायकोनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. एवढं सगळं होऊन मोठ्या मशीनला खोलीतली हवा काळेवाडीत असते तशीच दिसली. तेव्हा सरांनी विचारलं, की छोटं मशीन कुठं आहे. रोहिदासनं चुकून कंपनीत नेलं, असं शालनबाईंच्या तोंडून निसटलं.

वर्षालीनं तिथूनच रोहिदासला फोन लावला आणि कंपनीत इतका धूर असतो का, असं विचारलं. त्याच्या शेजारीच सुपरवायझर उभा होता. कंपनीवर बालंट येतंय म्हटल्यावर रोहिदासनं बायकोला वाऱ्यावर सोडलं.

"मॅडम, ते माहेरी गेलंय."

"मावशी तर इथंच आहेत."

"हां, ती तिथंच हाय. मशीन गेलंय."

मग शालनबाईंना सगळं कबूल करावं लागलं. सरांनी सोजरबाईंना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आधी म्हातारीचा कान दिसला, मग धूर, मग चूल. चुलीशेजारी पाट, पाटावर घडी घातलेली गोधडी आणि तिच्यावर हळदीकुंकू लावलेलं मशीन. घरात गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि त्या चुलीत आता कोंबडी अंडी घालायची. कोंबडीला हुसकून, चूल सारवून सोजरबाईंनी ती पुन्हा पेटवली होती.

"आई, चूल कशाला गं?"

"तू तिथंच बसायचीस नव्हं? भाकर फुगूस्तोवर उठायची न्हाईस. म्हनलं लेक न्हाई, तर लेकीच्या गळ्यातलं तरी आलंय. ते खात न्हाई, पर वास घेतंय म्हनं."

शालनबाईंनी तोंडाला पदर लावला. माहेराला सोडवायला पाठवलेला साक्षीदार माहेरालाच अडकवून बसला होता. त्यांना हसू येत होतं आणि अशाच उठून आईजवळ जावंसं वाटत होतं.

सर मात्र रागवायचं सोडून पुढे सरकले. माणसाच्या लहानपणची हवा मागे जाऊन मोजता येत नाही आणि इथं तर तीच चूल, तोच कोपरा आणि तीच आई आयती मिळत होती. फक्त बाई तिथं बसायला हव्या होत्या. पुढच्याच आठवड्यात संस्थेची जीप काळेवाडीत आली. माझ्या जेवणाच्या डब्याचं काय, असं रोहिदासनं विचारून बघितलं, पण संशोधनाचं काम म्हटल्यावर त्याला गप्प बसावं लागलं. लेकीला न्यायला येणारा मुराळी आजवर कधी जीप घेऊन आला नव्हता.

माहेरी वर्षालीनं शालनबाईंच्या गळ्यात मशीन घातलं, त्यांना चुलीपाशी बसवलं आणि म्हातारीला सांगितलं, की पूर्वीसारखी भाकरी करा, लहान लेकराच्या छातीत किती धूर जात असेल ते आम्हाला बघायचंय. सोजरबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि काटक्या पेटवल्या. धूर उठला तशी शालनबाईंना खोकल्याची उबळ आली. म्हातारीनं शेजारचा तांब्या उचलला आणि सगळा चुलीत ओतला.

"न्हाई बसू द्यायची मी तिला. लई दिवस बसविली."

"आई, तवा कुनाला म्हाईत व्हतं?"

सोजरबाई लेकीची पाठ चोळत राहिल्या. हा हात असाच पाठीवर राहावा, असं शालनबाईंना फार वाटलं.

भाकरी गॅसवर झाली आणि चूल पुन्हा पेटलीच नाही. संध्याकाळपर्यंत मशीननं माहेरची हवा एकदम स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला. वर्षालीनं कपाळाला हात लावला. मोजणी पार फुकट गेली, पुढच्या महिन्यात मावशींना घेऊन पुन्हा यावं लागेल, असं ती अंगणात उभी राहून सरांना फोनवर सांगत होती.

शालनबाईंनी ते ऐकलं आणि आईच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "आई, पुढच्या खेपेलाबी चूल इझव."