विनूकाकांची लाल गाडी

नवी गाडी दिसली की विनूकाका आधी तिच्या दारावर टिचक्या मारतात. मग कान लावतात, फणस पिकलाय का बघावा तसा. आणि मालकाकडे संशयाने बघत विचारतात, "आत काय भरलंनी?"

माझ्या गाडीचं स्वागतही असंच झालं. मी पेढे घेऊन गेलो होतो. पेढा तोंडात टाकून काका गाडीभोवती फिरले, वाकून तिच्या पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "गाडी कसली, चाकं लावलेलं घर घेतलंस मेल्या. हाय यात काहीतरी गोम."

काका नाचणे गावात आमच्या शेजारी राहतात. भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांची लाल गाडी माझ्या कॉलेजच्या दिवसांपासूनची. छोटी, हलकी, आणि सुटली की सापडत नाही अशी. तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसणं. काकांना त्याचाच अभिमान. "रस्ता हाताला कळायला हवा. तुला कळतो काय? तू सोफ्यावर बसून टीव्ही बघतोस."

त्यांनी माझी गाडी हातखंब्याला चिऱ्याच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर चढवायला लावली. काट्यावरच्या माणसाने सोळाशे किलो सांगितलं. काका माझ्याकडे वळले. "माझी सातशेची. वरचं वजन कुणाचं? कोण बसलाय आत?" परत येताना रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला म्हणून गाडी पीप-पीप वाजली, तेव्हा त्यांनी स्क्रीनवर रुमाल टाकला. "कुणाला सांगत्येय ती? आपण कुठं जातोय ते कुणाला कशाला कळायला हवं?"

मला हसू यायचं, रागही यायचा. पण खरी अडचण सुमनकाकूंची होती. त्यांचे गुडघे गेले. लाल गाडीत त्या कशाबशा बसत, पण बाहेर काढायला दोन माणसं लागत. शेवटी त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. अशात चिपळूणला त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. काकू मला ऐकू जाईल अशा आवाजात काकांना म्हणाल्या, "मला या लग्नाला जायचंय. गाडी बदला, नाहीतर मी घरात बसत्ये." काकांनी गाडी बदलली नाही. मला त्यांचा हट्ट चीड आणणारा वाटला.

त्यानंतर ते माझ्या गाडीपाशी घुटमळू लागले. एकदा टेप घेऊन दाराची उंची मोजत होते. "काय काका?" म्हटलं तर "काय नाय" म्हणून टेप खिशात. दुसऱ्या दिवशी बघतो तर काकूंची चप्पल हातात धरून, दारासमोर हवेत वर-खाली करतायत. आमची ही म्हणाली, "गाडीला काही करणी-बिरणी करतायत की काय?" मीही गाडी कुंपणाच्या आत लावू लागलो.

लग्नाच्या सकाळी काका दारात उभे. हातात फणसाच्या लाकडाची एक बुटकी पायरी, वर घसरू नये म्हणून रबर ठोकलेलं. "सुमनचा पाय एवढाच उचलतो. तुझी गाडी त्याच्याहून उंच हाय. ह्यावरून चढेल ती." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "नेशील काय रे तिला?"

पायरीवरून काकू आरामात चढल्या. काका मात्र बसले नाहीत. "मी माझी घेऊन मागून येतो. तुझ्या डंपरवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं." आणि खरंच, आरशात सारखी ती लाल गाडी. अंतर कमी नाही, जास्त नाही.

संगमेश्वरच्या पुढे चहाला थांबलो. काका उतरून धावतच काकूंच्या काचेपाशी आले आणि थबकले. काकू मान टेकून गाढ झोपल्या होत्या.

"कधीपासून?"

"हातखंब्यापासून."

काकांनी काचेतून पुन्हा आत बघितलं. मग म्हणाले, "माझ्या गाडीत ती कधी झोपली नाय रे. एवढी वर्षं दाराचं हँडल घट्ट धरून समोर बघत बसायची. मला वाटायचं, तिलापण वेग आवडतो."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी काकूंना उठवायला पुढे झालो. "चहा घेतील, आणि मुहूर्तही..."

"उठवू नको. मुहूर्ताला अवकाश हाय."

काचेवर ऊन आलं होतं. काकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी काचेवर ताणून धरलं आणि तसेच उभे राहिले.