बंबावरचा लाल दिवा

रविवारची दुपार होती. जेवणं उरकून नीता मागच्या गॅलरीत भांडी पालथी घालत होती, तेवढ्यात कुमारच्या लक्षात आलं की आगीच्या बंबावरचा लाल दिवा जागेवर नाही.

बंब प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा होता. नीताचा भाऊ सत्यजीत मस्कतला नोकरीला. गेल्या महिन्यात येताना त्यानं भाच्यासाठी हे खोकं आणलं होतं. ठोकळ्यावर ठोकळा दाबून बसवला की घर, पूल, गाडी, काय हवं ते तयार होई. भाचा म्हणजे स्वानंद साडेचार वर्षांचा होता, पण त्याची बहीण रेवा सव्वा वर्षाची आणि दिसेल ती वस्तू आधी तोंडात घालून मग तिची ओळख करून घेणारी. खोक्यावर एका तान्ह्या बाळाच्या चित्रावर ठसठशीत फुली मारलेली होती. शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं की तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे देऊ नये, तुकडे बारीक आहेत. दुसऱ्या कुठल्याही बापानं ते खोकं निमूटपणे कपाटावर टाकलं असतं. पण कुमार गुप्ते तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. धोका दिसला की तो घराबाहेर काढावा, हे त्याला सुचत नसे. त्याला नियम सुचत.

ठोकळे फक्त जेवणाच्या टेबलावर खेळायचे. जमिनीवर ठेवायचे नाहीत. तोंडात घालायचे नाहीत. खिशात तर मुळीच नाहीत, कारण खिशातली वस्तू घरभर गळत जाते. आणि एक तुकडा जरी हरवला, तरी खेळ कायमचा बंद. रोज कामावरून आल्यावर बूट काढायच्याही आधी कुमार खोकं उघडून बघे.

"अहो, खेळणं आहे ते," नीता म्हणायची. "पोराची कसली झडती घेताय?"

"अपघात झाल्यावर सगळेच शहाणे होतात," कुमार म्हणायचा. हे वाक्य कारखान्याच्या फाटकावर पाटी करून लावलेलं होतं आणि तेही त्याचंच होतं.

तर त्या दुपारी दिवा नव्हता. दिवा म्हणजे वाटाण्याएवढा गोल तुकडा, बंबाच्या टपावर बसणारा.

"स्वानंद, दिवा हरवला?"

स्वानंदनं नकारार्थी मान हलवली.

"खरं सांग. हरवला ना?"

स्वानंदनं पुन्हा मान हलवली. पोरगं खोटं बोलायला शिकलं, असं मनात म्हणत कुमारनं वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथं रेवा भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि तिचा जबडा हलत होता. अगदी सावकाश, मन लावून.

लहान मुलाच्या किंवा यंत्रावरच्या माणसाच्या अंगावर अचानक ओरडू नये, तो दचकतो आणि नको ते होतं, असं कुमार दर महिन्याच्या प्रशिक्षणात सांगत असे. कुमार ओरडला.

रेवा दचकली. डोळे मोठे करून तिनं बापाकडं पाहिलं आणि तोंडात जे काही होतं ते गिळलं. मग तिला ठसका लागला, चेहरा लालभडक झाला आणि तिनं भोकाड पसरलं.

कुमारनं तिला ओढून बाहेर काढलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. रेवाला चार दात होते. तिनं चारही वापरले. मग त्यानं तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. हे त्याला येत होतं. कारखान्यात वाळू भरलेल्या बाहुल्यावर त्यानं ते शंभरदा करून दाखवलं होतं. पण बाहुला हातपाय झाडत नसे आणि "आई" म्हणून हाक मारत नसे.

नीता ओल्या हातांनी धावत आली. "मारताय का तिला?"

"तिनं दिवा गिळलाय."

"कुठला दिवा?"

"बंबाचा."

नीतानं पोरीला हिसकावून घेतलं. रडण्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या वेणूमावशी जिना चढून आल्या. त्या मूळच्या जवळच्याच कोन गावच्या. जमीन सरकारनं घेतल्यावर मुलगा बळीरामनं नवीन पनवेलात ब्लॉक घेतला आणि त्यांना इथं आणलं. पण दार बंद ठेवायची सवय त्यांना अजून लागली नव्हती.

"केलं हाय का घरात?" त्यांनी विचारलं. "केलं चारा. गुतलेलं खाली सरकतं."

"मावशी, अशा वेळी खायला काही द्यायचं नसतं," कुमार म्हणाला आणि घशात उजेड टाकायला बॅटरी शोधत आत गेला. तो परत येईपर्यंत मावशींनी केळं सोललं होतं, पण रेवानं ते थुंकून टाकलं होतं.

"दोन दिवस झाले, धड खातच नाहीये," नीता म्हणाली. "दाढा येतायत बहुतेक."

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं.

बळीरामनं जीप काढली. कुमारनं खुंटीवरचा हाताला लागला तो शर्ट अंगात घातला. एकट्याला कुठं ठेवायचं म्हणून स्वानंदलाही मागं बसवलं. जुन्या पनवेलातले डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहत. ते हात पुसत खाली आले आणि त्यांनी रेवाची छाती आणि पाठ नळीनं नीट तपासली.

"श्वास मोकळा आहे. श्वासनलिकेत काही गेलेलं वाटत नाही. तरी पोटापर्यंतचा एक एक्स-रे फोटो काढू."

फोटो काढणारा काशिराम कोनला चुलतभावाच्या हळदीत होता. बळीराम जाऊन त्याला उचलून घेऊन आला. काशिरामच्या दोन्ही गालांना हळद होती आणि जेवण अर्धवट टाकावं लागल्याचं दुःख चेहऱ्यावर होतं.

"प्लॅस्टिक फोटोत दिसत नाय," यंत्र सरकवत तो म्हणाला. "काढायचा तरी?"

"काढ," डॉक्टर म्हणाले.

ओली फिल्म चिमट्यात धरून डॉक्टर खिडकीशी गेले आणि त्यांनी ती उजेडात दोनदा फिरवून पाहिली. नीतानं रेवाला घट्ट धरलं.

"गुप्ते, तुमचा तो दिवा पत्र्याचा आहे का?"

"नाही. प्लास्टिकचा."

"मग हे काय आहे?"

कुमारनं पाहिलं. काळ्या फिल्मवर पोरीच्या इवल्याशा बरगड्या होत्या आणि त्यांच्या खाली, पोटात, चवलीच्या नाण्याएवढी पांढरी शुभ्र चकती. चकतीच्या मागून एक बारीक सुई तिरपी बाहेर आलेली होती. सुई उघडी होती.

त्याला ती लगेच ओळखू आली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात सुरक्षा सप्ताह असतो. तेव्हा फाटकावर उभा राहून तो प्रत्येक कामगाराच्या खिशाला एकेक बिल्ला लावतो. स्वतःचा बिल्ला गुरुवारपासून सापडत नव्हता. त्यानं तो शोधला नव्हता; स्टोअरमधून दुसरा मागून घेतला होता.

तो दुसरा बिल्ला घाईत अंगात घातलेल्या शर्टाच्या खिशावर आत्ताही होता. डॉक्टरांनी आधी फिल्मकडं पाहिलं, मग कुमारच्या खिशाकडं, मग परत फिल्मकडं.

"हाच?"

"हाच," कुमार म्हणाला.

बिल्ल्यावर 'आधी सुरक्षा' असं लिहिलेलं होतं. ते कुणीच मोठ्यानं वाचलं नाही.

"जठरात आहे तोवर ठीक," डॉक्टर म्हणाले. "पुढं आतड्यात सरकला आणि सुई रुतली तर भोक पडेल. हे काम इथलं नाही. मुंबईला न्या, आत्ताच्या आत्ता. मी चिठ्ठी देतो. पोटात पाणीसुद्धा जाऊ देऊ नका. आणि उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, येताना सुई घसा फाडेल."

बळीराम एरवी जीप अशी हाकायचा की कोंबड्यासुद्धा त्याच्या गल्लीत यायला धजत नसत. त्या दिवशी तो प्रत्येक खड्ड्याशी गाडी जवळजवळ थांबवत होता. तरी खड्डे होतेच. गाडी आदळली की नीता पोरीच्या पोटाखाली हात नेई आणि कुमारला ती तिरपी सुई दिसे. रेवा आता रडून दमली होती. तिची मान आईच्या दंडावर कलली होती आणि डोळे अर्धे उघडे होते. मागं स्वानंद आ वासून बसला होता.

"तोंड मीट, धूळ जाईल," कुमार म्हणाला. स्वानंदनं तोंड मिटलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडलं.

कळंबोली मागं पडल्यावर नीता बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता. "दोन दिवस ती सांगत होती. मी दाढा, दाढा म्हणत राहिले."

तिनं रेवाच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"आणि तुम्ही दुसरा बिल्ला घेतलात."

कुमारनं खिशाचा बिल्ला काढला. पण काढल्यावर तो ठेवायचा कुठं, हे त्याला कळेना. खिशात ठेवावा तर गळेल, सीटवर ठेवावा तर पोरं हात लावतील, बाहेर फेकावा तर कुणाच्या पायात जाईल. शेवटी त्यानं तो मुठीत दाबून धरला. वाशीचा पूल ओलांडेपर्यंत सुई तळहातात शिरली होती. त्यानं मूठ उघडली नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांना फार थांबावं लागलं नाही, आणि याचीच कुमारला जास्त भीती वाटली. भूल देऊन घशातून दुर्बीण घालणार, चिमट्यानं सुई मिटवून बिल्ला बाहेर काढणार. जठराला इजा झाली तर पोट उघडणार. इथं सही करा. कुमारनं सही केली. रेवाला आत नेलं तेव्हा तिच्या पायात एकच मोजा होता.

बाकावर तिघं बसले. बळीराम चहा आणायला गेला. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई समोरून जाता जाता थांबल्या.

"याला सर्दी आहे का?"

"नाही," नीता म्हणाली.

"मग तोंडानं श्वास का घेतोय?"

त्यांनी स्वानंदला शेजारच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि नाकात उजेड टाकून पाहिलं. मग वाकडं टोक असलेली एक सळई घेतली. स्टीलच्या वाटीत टिक् असा आवाज झाला. वाटीत लाल दिवा होता.

कुमारनं वाटी उचलून डोळ्यांजवळ धरली. "नाकात का घातलास?"

"जमिनीवर ठेवायचा नाही," स्वानंद म्हणाला. "तोंडात नाही. खिशात नाही. मला शू आली होती आणि चड्डी काढायला दोन्ही हात लागतात."

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं.

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही हरवला का विचारलंत. हरवला नव्हता. मग तुम्ही ओरडलात, मग मी नाही सांगितलं."

कुमारनं मनातल्या मनात सगळं उलटं तपासून पाहिलं, जसा तो कारखान्यातला अपघात तपासायचा. पोरानं दिवा नाकात घातला नसता, तर दिवा हरवला नसता. दिवा हरवला नसता, तर फोटो निघाला नसता. फोटो निघाला नसता, तर उघडी सुई पोटात घेऊन पोर आज दुपारी झोपली असती आणि आपण दाढा येण्याची वाट बघत बसलो असतो. त्याच्या सगळ्या नियमांपैकी एकही रेवाच्या कामी आला नव्हता. कामी आलं होतं ते स्वानंदचं नाक. टेबलाखाली ती काय चघळत होती, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

दिवेलागणीला मोठे डॉक्टर बाहेर आले. बिल्ला निघाला होता. आत एक ओरखडा होता, तो भरून येणार होता. दोन-तीन दिवस इथंच ठेवू म्हणाले. नीता तेव्हा रडली, आणि मग बराच वेळ थांबलीच नाही.

बुधवारी ते घरी आले. किल्ली वेणूमावशींकडं होती. दार उघडून बघतात तो सोफा भिंतीपासून पुढं ओढलेला, कपाट तिरकं, पलंग उभा केलेला. दिवा सापडला तेव्हा बळीराम चहा आणायला गेला होता आणि मग त्याला ते सांगायचं राहूनच गेलं होतं. तेव्हा मावशी आणि त्यांची सून हौसा तीन दिवस घर उलटंपालटं करत होत्या. मावशींनी टेबलावर मोठी परात आणून ठेवली.

"दिवा काय गावला नाय," त्या म्हणाल्या. "बाकी हे गावलं."

परातीत शर्टाची बटणं होती, चिंचोके होते, ब्लाउजचे हूक, गंजलेलं अर्धं ब्लेड, दोन टाचण्या, घड्याळाचा चपटा सेल, खिळे, तुटलेल्या बांगडीच्या काचा, डोकेदुखीच्या दोन गोळ्या आणि कसलातरी स्क्रू, जो कशाचा हे कुमारला आयुष्यात कळणार नव्हतं.

"हे सगळं आमच्या घरातलं?"

"मंग आमी आनून टाकलं काय?"

मावशी गेल्यावर कुमार बराच वेळ परातीकडं बघत राहिला. मग तो जमिनीवर पोटावर आडवा झाला आणि गाल फरशीला टेकवून खोलीभर पाहू लागला. या घरात राहायला आल्यापासून त्यानं ते या उंचीवरून कधी पाहिलं नव्हतं. इथून सगळंच वेगळं दिसत होतं. फ्रीजखाली काहीतरी चमकत होतं. मोरीच्या उंबऱ्याशीही काहीतरी होतं.

बापाचं डोकं आपल्या पातळीवर आलेलं पाहून रेवाला फार आनंद झाला. ती रांगत रांगत त्याच्या तोंडापाशी येऊन बसली. तिची मूठ बंद होती.

"काय आहे ते?" कुमार हळू आवाजात म्हणाला. आता तो ओरडणार नव्हता. "बाबाला दे. आ..."

रेवानं दिलं. त्याचं तोंड उघडंच होतं. काहीतरी लहान, कडक, थोडंसं तुरट जिभेवर पडलं आणि सरळ घशाखाली उतरलं.

"काय म्हणतेय ती?" स्वयंपाकघरातून नीतानं विचारलं.

"काही नाही," कुमार म्हणाला. तो उठला, तांब्याभर पाणी गटागटा प्यायला आणि पोटावर हात ठेवून खिडकीशी उभा राहिला.