परकारभाई आणि जुनिपरचे पाच दांडे

रिया आणि निषाद,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे एक गृहस्थ आमच्या दाराला कान लावून उभे दिसले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, व्हाय इज ही लिसनिंग टू द डोअर?" डिसेंबरात तुम्ही शारजाला आलात की ते निषादच्या बॅटलाही कान लावतील. तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं. ते परकारभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, अल नहदाच्या या टॉवरमध्ये आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात.

लाकूड दिसलं की ते टकटक करून ऐकतात. आमचं डायनिंग टेबल मी किती हौसेने घेतलं होतं. त्यांनी दोनदा ठोकलं आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "वैनी, ह्यात लाकूड नाय. दाबलेला भुसा हाय. खलास." तुमचे आजोबा त्यानंतर आठवडाभर कोपर न टेकता जेवत होते.

या वेडाचं मूळ टोरोंटोत आहे. त्यांची नात सना तिथे शाळेत धनुष्यबाण शिकते. एकदा फोनवर तिने आजोबांकडे खऱ्या लाकडाचं धनुष्य मागितलं. झालं. परकारभाईंचा एक जुना ओमानी मित्र डोंगरात राहतो, त्याच्या अंगणात जुनिपरचं झाड वादळात पडलं होतं. हे तिथे जाऊन दिवसभर त्या झाडाभोवती फिरले. साल पिळलेली, म्हणजे आतले तंतूही पिळलेले, फांदी बाद. गाठ दिसली, बाद. यजमान कॉफी ओतून दमला. अखेर एक सरळ फांदी पसंत पडली. तिला करवत लावायची नाही, पाचर मारून तंतूंच्या कलाने फोडायची. पाच दांडे निघाले.

खरी गंमत पुढे. हे लाकूड सावकाश वाळावं लागतं, घाई केली की तडकतं. टोकं आधी सुकतात म्हणून टोकांना मेण लावायचं. त्यात त्यांच्या बायकोच्या, रुकैयाभाभींच्या, केकवरच्या सगळ्या मेणबत्त्या वितळल्या. मग त्यांच्या मुलाची, म्हणजे सनाच्या बाबांची, इम्रानची, जुनी खोली दांड्यांना मिळाली. ते पलंगाखाली, आणि एसीच्या कोरड्या हवेने लाकूड झटपट सुकतं म्हणून एसी बंद. ऐन ऑगस्टात. ज्या माणसाने जन्मभर शारजातले एसी दुरुस्त केले, तो आता रिमोट खिशात घेऊन फिरू लागला. भाभी म्हणायच्या, "माज्या लग्नात पंखापण नव्हता. ह्या लाकडाचे लाड बघा." पाहुण्यांनी हॉलमध्ये झोपायचं. एका मेव्हण्याने त्या खोलीचं दार उघडं टाकलं, तर परकारभाई त्याच्याशी थेट ईदला बोलले.

दर शुक्रवारी दांड्यांचं वजन व्हायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड मुरलं. ते अजून थोडं थोडं उतरत होतं. "जल्दी नाय, वैनी. पुढच्या सुट्टीत सनाच्या हातात, इन्शाल्ला."

गेल्या महिन्यात इम्रान ऑफिसच्या कामाला जाता जाता इथे उतरला. कित्येक वर्षांनी. दुपारची वेळ, मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. विमानाने तो इतका आंबला होता की सलाम करून सरळ आपल्या जुन्या खोलीत गेला आणि पलंगावर पडला. तिथूनच म्हणाला, "अब्बा, रिमोट कुठाय? जाम उकडतंय."

मी आणि भाभी परकारभाईंकडे बघत राहिलो. त्यांनी खिशातून रिमोट काढला आणि नेऊन दिला.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्. भाभी एसी बंद करायला उठल्या. परकारभाईंनी त्यांचा हात धरला.

"बस. झोपलाय तो."

आम्ही चहा संपवला. आतून आवाज आला की ते डोळे मिटायचे, एवढंच.

संध्याकाळी इम्रान उठला, वाकून पलंगाखाली बघितलं आणि एकदम ओशाळला. "अब्बा, माझ्या एसीमुळे फुटले का हे?"

"नाय रे," परकारभाई म्हणाले. "लाकूडच वायट निवडलं मी."

माझ्या टेबलापासून अख्ख्या बिल्डिंगच्या दारांपर्यंत सगळ्यांना नापास करणारा हा माणूस.

चार दांडे टोकापासून टोकापर्यंत तडकले. पाचवा अजून अखंड आहे. तो आमच्या बिनएसीच्या स्टोअररूममध्ये ठेवलाय, आणि शुक्रवारी त्याचं वजन मी करते.

तुमची आजी