गुलाबाच्या वासाची माता

उद्धवचा चेहरा मुळात वाईट नव्हता. कौशल्याबाई पाटलिणीच्या पोटचा पोरगा, वाईट असेलच कसा? पण अमरावतीच्या कचेरीत कारकून झाला, अकोल्याच्या शेषराव पाटलांची कुंदा सांगून आली, आणि त्याला देवानं दिलेला चेहरा पुरेनासा झाला. शेषरावांचा निरोपच तसा होता, "पोट्टी इंग्रजी शिकली हाय. पोरगा तिच्या नजरेत भरला पाहिजे."

झालं. चौकात बांगड्या-पावडरींचं मनियारी दुकान चालवणारा ओमप्रकाश त्याचा गुरू झाला. पहाटे उठून बेसन-हळद. त्यावर लिंबू. लिंबानं चुरचुरलं की दुधाची साय. साय ओशट वाटली की मुलतानी माती. माती ताठली की टाचा घासायचा दगड, आणि दगडानं सोललं की ओमप्रकाशच्या दुकानातला, गुलाबी डबीतला, गुलाबाच्याच वासाचा विलायती स्नो. कचेरीतून आला की पुन्हा पहिल्यापासून. एवढा शेतात राबला असता तर कपाशी खांद्याला लागली असती.

इकडे दुधावरची साय रोज उडू लागली. कौशल्याबाईंनी मांजरीला धरलं.

"सटवे, तुले काय मी कमी देतो? चोरून काहून खातं?"

मांजर बिचारी काय बोलणार? कौशल्याबाई तिला पोत्यात घालून स्वतः नाल्यापलीकडे सोडून आल्या. उद्धव तोंडाला माती लावून बसला होता. माती वाळलेली असताना बोललं तर भेगा पडतात, म्हणून तो गप्प राहिला.

अकोल्याला मुलगी पाहायला जायचा दिवस दोन दिवसांवर आला आणि उद्धव उठला तो तोंड फुगवूनच. गाल लालभडक, त्यावर बारीक पुरळ, डोळ्यांच्या नुसत्या फटी. नेमकी तेव्हाच शेजारची मैनाबाई विरजण मागायला आली. तिनं पाहिलं आणि वाटी खाली ठेवून हात जोडले.

"पाटलीणबाई वो! तुमच्या पोराले माता आली!"

खरं सांगायला उद्धवनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला मांजर आठवली, आणि त्यानं ते मिटलं.

मग काय विचारता! देवी आलेलं घर म्हणून दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. मातेला वास खपत नाही म्हणून फोडणी बंद. साबण, वस्तरा कोनाड्यात गेले. मैनाबाईनं आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. गल्लीतल्या बाया पाण्याचे तांबे अन् दहीभात घेऊन यायला लागल्या. कचेरीतले हेडक्लार्क गैरहजेरीबद्दल तंबी द्यायला आले होते, ते दारातूनच नमस्कार करून परत फिरले. जन्मात पहिल्यांदा उद्धवला साहेबानं हात जोडले.

कौशल्याबाईंना मात्र वेगळाच घोर लागला. चेहऱ्यावर व्रण राहिले तर सोयरीक मोडलीच. त्या पोराजवळ बसल्या, निंबाच्या डहाळीनं वारा घालू लागल्या आणि पुटपुटल्या, "माते, काय घ्याचं ते घे, पण याचं थोबाड सोड."

वारा घालता घालता नाकात गुलाबाचा वास शिरला. त्या वाकल्या. पोराच्या कानामागे काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. बोटानं खरडून पाहिलं. घरच्या म्हशीची साय त्यांना ओळखू येणार नाही?

"उद्धवा."

"हं?"

"माता कवापासून साय खाऊन राहिली रे?"

उद्धवनं चादर डोक्यावर ओढली. "माय, मी सांगणारच व्हतो..."

"गप! मैनीले समजलं तं सारी गल्ली म्हणन, पाटलिणीचा पोट्टा नाचणारणीवानी तोंड रंगवते. माता आली हाय नं? मंग राहू दे तिले आरामात."

आणि मातेचं सगळं यथासांग झालं. फिकं वरण, कोरडा भात, तोंडावर फक्त थंड पाणी.

"माय, आग होते वो. जरासा स्नो..."

"माता कोपन."

"आरसा तरी दे."

"भिंत पाह्यते तो."

हळूहळू सूज उतरली, लाली गेली. एका संध्याकाळी उद्धव ओट्यावर पाय पसरून म्हणाला, "माय, तोंड घासाचं नसलं का दिवस केवढा मोठा होते!" त्या संध्याकाळी त्यानं आरसा मागितला नाही.

पण अकोल्याला काय कळवावं, हे कौशल्याबाईंना काही सुचलं नव्हतं. जायचा दिवस तर टळून गेला होता. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याच्या गाडीनं शेषराव स्वतःच दारात उभे! डहाळे पाहिले आणि मटकन ओट्यावर बसले. गेली सोयरीक, असं समजून कौशल्याबाईंनी मान आणखीच ताठ केली.

"इहिणबाई," शेषराव घाम पुसत म्हणाले, "तुमच्या घरी बी?"

"बी म्हंजे?"

"आमच्या कुंदीले बी माता आली. तोंड निरा लाल. तुमी आले नाही तं वाटलं, तुमाले समजलं अन् तुमी पोट्टी नाही म्हणसान. म्हणून पळत आलो."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"पाटील, तुमच्या मातेले वास येते का?"

शेषराव चपापले. "गुलाबाचा. अन् एक इपरीत हाय. घरातलं दही रोज कमी व्हते. आमच्या बायकोनं कुत्रं हाकललं."

"कुत्रं परत आणा," कौशल्याबाई म्हणाल्या. "आरसा भिंतीकडे फिरवा, अन् फोडणी बंद. जोडा जुळला, पाटील. आता सोयरीक नाही म्हणणारी मी कोन?"

शेषरावांना गाडीत बसवून त्या तशाच नाल्यापलीकडे गेल्या आणि मांजरीला कडेवर घेऊन आल्या. त्या रात्रीपासून साय तिची.

लग्नाच्या हळदीला मैनाबाई वाटी भरभरून घेऊन आली, तसा उद्धव मागे सरकत सरकत मांडवाच्या खांबाला जाऊन टेकला. कौशल्याबाईंनी वाटी काढून घेतली आणि त्याच्या कपाळाला नखभर हळद टेकवली.

"एवढीशीच?" मैनाबाईनं नाक मुरडलं. "लेकाच्या लग्नात बी कंजुषी?"

"उरलेली खांबाले लाव बाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "खांबाले माता येत नाही."