डावीकडचा ब्रेक

ठमीने आत्याला सहलीला बरोबर घेतलं ते सोबतीसाठी नाही, आत्याच्या पायासाठी.

बाबांची गाडी शिकवणीची. तीस वर्षं त्यांनी त्याच गाडीत लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, म्हणून डाव्या सीटपुढेही एक ब्रेक होता. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, क्लास बंद झाला आणि स्टिअरिंग ठमीकडे आलं. डावी सीट मात्र बाबांनी सोडली नाही. वळण आलं की त्यांचा पाय खाली जायचा आणि ते म्हणायचे, "घाबरू नकोस, दाबला मी." चव्वेचाळीस वर्षांची, कचेरीत बारा माणसांना धाकात ठेवणारी ठमी या चार शब्दांच्या जोरावर गाडी चालवायची.

बाबा गेले आणि अकरा महिने गाडी झाकलेलीच राहिली. समुद्राच्या कडेकडेने, कुठलीही घाई न करता, थेट दीपगृहापर्यंत जायचं, हे बाबांचं दर सुट्टीतलं बोलणं. दर सुट्टीत कुणाची तरी लायसन्सची परीक्षा निघायची. वर्ष भरायच्या आत तिथे एकदा जायचंच, असं ठमीने ठरवलं होतं. पण कड्यावरचा तो उतार एकटीने उतरायची छाती नव्हती.

"मला काय कळतंय गं त्यातलं?" आत्या म्हणाली होती.

"कळायला नकोच. वळण आलं की दाबायचं."

"एवढंच? मग तुझा बाप तीस वर्षं ऐट कसली करत होता?"

रस्ता कड्याला चिकटून वळणं घेत होता. खाली काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या. गाडी पंचवीसच्या वर जात नव्हती आणि आत्या एकाही वळणाला चुकत नव्हती. तोंडही चालूच होतं. मधे तिने आवळासुपारी शोधायला पुढचा कप्पा उघडला. आत बाबांच्या चष्म्याचं घर होतं. तिने कप्पा बंद केला. पुढच्या तीन वळणांना तिने ब्रेक जरा जोरातच दाबला.

चौथ्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. दोघींनी एकदमच ब्रेक दाबले. कठडा वीतभर उरला असताना गाडी थांबली.

"मी होते म्हणून वाचलीस!" आत्या म्हणाली आणि पाय मागे घ्यायला गेली. चप्पल ब्रेकखाली अडकली होती. तिने पाय ओढला, मग दोन्ही हातांनी ओढला. चप्पल सुटली. सोबत ब्रेकही निघून आला.

आत्या तो मांडीवर घेऊन बसली. "आता गं?"

"आता काय, सहाच किलोमीटर राहिलंय. जाऊ की." ठमी म्हणाली, पण तिचा हात किल्लीकडे गेला नाही.

"ब्रेकशिवाय? मी इथून हलायची नाही."

"माझ्याकडे आहे की ब्रेक!"

"तुझ्या ब्रेकवर तुझा भरवसा असता तर मला आणलं असतंस?"

ठमीने आरशात बघितलं.

तेवढ्यात मागे दुधाचा टँकर थांबला. टँकरमागे बस थांबली. बसमधली माणसं सल्ले द्यायला खाली उतरली.

"डावा ब्रेक गेलाय होय?" बसचा ड्रायव्हर म्हणाला. "मग उजवा वापरा की, बाई!"

"तुम्ही मधे बोलू नका," आत्याने त्याला ठणकावलं. "तुमच्याकडे एकच आहे."

शेवटी बसमधलाच एक मेकॅनिक पुढे आला. सुट्टीवर निघालेला होता, त्यामुळे वैतागलेला होता. आत्याला उतरवून तो डाव्या सीटपुढे आडवा झाला. बराच वेळ खुडबुड केल्यावर त्याने ठमीला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, हा ब्रेक कशालाच जोडलेला नाही."

"आत्याने आत्ताच तोडला ना."

"ते झालं वरचं. खालची तार कुणीतरी कधीच सोडवलीय. नीट गुंडाळून बांधलीय बघा. स्प्रिंग तेवढी ठेवलीय, म्हणजे पायाला दाबल्यासारखं वाटतं." त्याने बॅटरीचा उजेड आत टाकला. तारेच्या वेटोळ्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. बाबा घरातल्या मिठाच्या बरणीलासुद्धा चिठ्ठी लावायचे. अक्षर त्यांचंच होतं. वर तारीख होती, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. खाली लिहिलं होतं, 'काढला. आता गरज नाही.'

ठमीने वाकून चिठ्ठी दोनदा वाचली. मागे टँकरवाल्याने हॉर्न दिला.

"तार जोडू का?" मेकॅनिकने विचारलं.

"नको. वरचं तेवढं बसवा."

त्याने दोन बोल्ट आवळले. आत्या पुन्हा सीटवर बसली आणि तिने दोनदा दाबून बघितलं. "काय हो, नीट चालेल ना?"

मेकॅनिकने ठमीकडे पाहिलं. "आजवर चालत होता तसाच चालेल, आजी."

उतार लागला. आत्या दर वळणाला दाबत होती आणि "बघ!" म्हणत होती. ठमीला सहा वर्षांतली वळणं एकेक करून आठवत होती. दवाखान्याच्या फाटकाचं, भर पावसात घसरलेलं, त्या शेवटच्या दिवशीचं. सगळीकडे गाडीत ब्रेक एकच होता.

शेवटच्या वळणापर्यंत आत्याचा डोळा लागला. तिचा पाय ब्रेकवरून घसरून बाजूला पडला होता. समोर दीपगृह दिसलं. त्याच्या अलीकडे रस्ता एकदम खाली उतरत होता. ठमीने सावकाश गाडी आवरली आणि डावीकडे न बघता ती हळूच म्हणाली, "घाबरू नका, दाबला मी."

"तू कशाला दाबतेस?" आत्या डोळे न उघडताच म्हणाली. "मी दाबलाय."