नमुन्याबरहुकूम बत्तीस कुलपं

चोर हा देशातला सर्वांत कष्टाळू माणूस आहे. त्याला किरकोळ रजा नाही, अर्जित रजा नाही, आणि नाताळात बाकीचा देश सुट्टीवर निघाला की त्याचा ओव्हरटाइम सुरू होतो. अशा माणसाशी गाठ असेल तर समोरच्यानंही कामाची काही पद्धत ठेवायला हवी, हे भिलाईत सर्वांत आधी बाबाराव धोटे यांना उमगलं.

बाबाराव पोलाद कारखान्यात खरेदीखात्याचे हेडक्लार्क. साल एकसष्ट. कारखाना एकीकडे चालत होता आणि दुसरीकडे बांधून होत होता, त्यामुळे नेमकं काय पुरं झालं हे फक्त उद्घाटनाच्या दिवशी कळायचं. तेवीस नंबरच्या सडकेवर बत्तीस क्वार्टर होते, सारे एका साच्यातले. तीच पिवळी भिंत, तेच हिरवं दार, डाव्या हाताला तोच गळका नळ. (नवा माणूस घरं मोजत जातो, म्हणून चुकत नाही. जुना मोजणं सोडतो.)

गेल्या डिसेंबरात या सडकेवर तीन गुन्हे घडले होते. एक पितळी बंब, वाळत घातलेलं एक धोतर आणि एक कोंबडा. पैकी कोंबडा स्वखुशीनं गेल्याचं तपासात निष्पन्न झालं. त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा शून्य. शून्यावरून तीन म्हणजे किती टक्के वाढ, हे बाबारावांनी दोन संध्याकाळी मांडून पाहिलं आणि शेवटी त्या रकान्यात ‘भयावह’ असं लिहिलं.

या तीनपैकी बाबारावांचं काहीच नव्हतं. पण घराला कुलूप लावून चार दिवस बाहेर जायचं म्हटलं की ते भरलेली बॅग पुन्हा रिकामी करायचे. त्यापायी त्यांच्या बायकोचं, वसुंधराबाईंचं, गेली तीन वर्षं डिसेंबरात वर्धेला माहेरी जाणं राहिलं होतं. तिकडे आईला आताशा दिसत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायची आणि दर पत्रात एकच विचारायची, कधी येतेस? यंदा बाबारावांनी शब्द दिला: सडकेचा बंदोबस्त पक्का झाला, की चोवीस डिसेंबरच्या गाडीनं निघायचं. दुर्ग ते वर्धा दोन तिकिटं वसुंधराबाईंनी डाळीच्या डब्यात ठेवली होती आणि दिवसातून दोनदा त्या डाळ पाहत होत्या.

योगायोगानं त्याच सुमारास हवालदार तेजराम सडकेवर आला. त्याच्याकडे नऊ सडका आणि एक सायकल होती. ‘पब्लिकने अपनी निगरानी खुद करनी है,’ असा वरचा हुकूम असल्याचं त्यानं सांगितलं आणि नाताळच्या सूचनांचा कागद वाटला. बाहेरगावी जाताना शेजाऱ्यास कळवावे. शेजाऱ्यावर लक्ष ठेवावे. संशयित इसम दिसल्यास त्यास न घाबरवता ओळखून ठेवावे. शक्यतो चोरी होऊ देऊ नये.

कागदाची अंमलबजावणी करायची तर समिती हवी. ती त्याच संध्याकाळी झाली. बाबाराव सचिव. फिटर चंपत मेश्राम तपासणी सदस्य. क्रेनवरचा वर्गीस सणाचा माणूस म्हणून सन्माननीय सदस्य; त्याच्या दारावर नोव्हेंबर लागल्यापासूनच कागदी चांदणी लटकत होती, म्हणजे नाताळचा अधिकार त्याच्याकडे होताच. पहिल्या बैठकीत ठरलं, की बत्तीस घरांना बत्तीस तऱ्हेची गंजकी कुलपं आहेत, हेच चोराचं खरं भांडवल. सर्वांना एकसारखं, मजबूत, नवं कुलूप द्यावं.

आता बाबारावांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ऑफिसात त्यांनी नमुन्यात सूतभर फरक म्हणून दोन वॅगन माल परत पाठवला होता. त्यांनी तीन दुकानांचे भाव मागवले, सुपेल्याच्या बाजारातल्या एका दुकानातून एक कुलूप नमुना म्हणून मंजूर केलं, आणि ऑर्डरीत स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘सर्व नग मान्य नमुन्याशी अंतर्बाह्य व सर्व बाबतींत तंतोतंत जुळले पाहिजेत. तिळमात्र फरक आढळल्यास संपूर्ण माल नाकारण्यात येईल.’

दुकानदार भला माणूस होता. त्यानं ऑर्डर दोनदा वाचली आणि माल बनवायला पाठवला.

चंपतही भला माणूस होता. त्यानं बत्तीसही कुलपं कॅलिपर लावून मोजली, वजन केलं, दहा-दहा वेळा उघडून बंद केली. जी चाबी पहिल्यांदा हाताला लागली, तिनंच सारी तपासली, कारण बाकीच्या एकतीस तारेत ओवलेल्या होत्या आणि ती तार सोडायची म्हणजे पुन्हा ओवायची. अहवालात त्यानं लिहिलं, ‘सर्व नग उत्तम चालतात.’ त्यावर बाबारावांनी सही केली. चार डिसेंबरला सडकेवरच्या प्रत्येक दाराला नवं कुलूप लागलं.

पुढचे अठरा दिवस एकही गुन्हा नाही. बाबारावांनी रकाना भरला: ‘समाधानकारक.’

गुन्हा घडला बावीस तारखेला, दुपारी. चंपत पहिल्या पाळीवरून थोडा उशिरानं घरी आला. बायको रुक्मा सुपेल्याच्या बाजाराला गेली होती. त्यानं कुलूप काढलं, आत गेला आणि उभाच राहिला. घरातून काही गेलं नव्हतं. घरात आलं होतं. टेबलावर एक मोठा केक होता आणि दाराशी बुटांचा जोड. माठाचं झाकण उघडं, पेला ओला.

तेजराम सायकलवर आला. त्यानं घर पाहिलं, केक पाहिला, वही उघडली आणि अडला. वहीत ‘गेलेला माल’ असा रकाना होता. ‘आलेला माल’ असा नव्हता. बंद घरात शिरून मालकाची मालमत्ता वाढवणाऱ्या इसमावर कोणतं कलम लागतं, हे त्याला तेवीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं केक पुरावा म्हणून ताब्यात घेतला. (संध्याकाळपर्यंत पुराव्याचं वजन पाव किलोनं घटलं. त्याचीही नोंद नाही.)

बुटाच्या आत मात्र कामगाराचा टोकन नंबर खिळ्यानं कोरलेला होता. तेवीस तारखेच्या संध्याकाळी बाबारावांच्या घरी तातडीची बैठक भरली, तिथे वर्गीस चपला घालून आला तेव्हाच बाबारावांना कसंसं झालं.

“मैं अपना घर समझा, साब,” वर्गीस खाली मान घालून म्हणाला. “बूट निकाला, केक रखा, पानी पिया. फिर दीवार देखा. येशू का फोटो की जगह बाबासाहेब का फोटो. मैं डर के भागा.”

“पर ताला?” तेजरामनं विचारलं.

“अपना चाबी से खोला. अपना चाबी से बंद भी किया.”

मग चंपत उठला, स्वतःची चाबी घेऊन बाहेर गेला, आणि शेजारची दारं एकामागून एक उघडल्याचा आवाज येत राहिला. तो परतला तो घामानं निथळत.

“बाबारावजी,” तो म्हणाला, “साऱ्याईले एकच चाबी लागून राहिली. अंतर्बाह्य.”

बाबारावांनी ऑर्डरीची प्रत काढली. दोष कुठेच नव्हता. दुकानदारानं हुकूम पाळला होता, तपासणी झाली होती, सही होती. इतकी निर्दोष खरेदी त्यांच्या नोकरीत दुसरी झाली नव्हती. समितीनं शांतपणे पर्याय तपासले. बातमी गुप्त ठेवावी, असा ठराव आला; तो खिडकीशी जमलेल्या सडकेनं हात वर करून मंजूर केला. मग ठरलं, की सर्व चाब्या सचिवांकडे जमा कराव्यात. ज्याला घर उघडायचं त्यानं सचिवांकडून चाबी न्यावी, उघडून लगेच परत करावी. त्यासाठी सचिव चोवीस तास हजर असावेत. एक जानेवारीपर्यंत.

बाबारावांनी सवयीनं ‘मंजूर’ लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना डाळीचा डबा आठवला.

वसुंधराबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

“म्हंजे मी यंदाबी नाही जाऊन राहिली?”

बाबाराव म्हणाले, “अवो, समजून घ्या. साऱ्या सडकेची सुरक्षा आता एका चाबीवर हाये. तुमाले अंदाज नाही.”

“मले?” वसुंधराबाईंनी ट्रे खाली ठेवला. “आमाले त चार तारखेलेच समजलं होतं. माही चाबी घरात राहिली, त रुक्मानं तिच्या चाबीनं उघडून देल्लं. तवापासून साऱ्या बायाईले माहीत हाये.”

मग जे कळलं ते असं. अठरा दिवसांत सडकेवरच्या बायका एकमेकींच्या बंद घरांत, मोजता येईल तेवढ्या हिशोबानं, सत्तेचाळीस वेळा गेल्या होत्या. कोणाचं दूध उतू जाताना उतरवलं, कोणाची पेटती शेगडी विझवली (ती बाबारावांची), कोणाच्या वड्या उन्हातून आत घेतल्या. अकरा तारखेला एक चादरवाला एका सुन्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी घुटमळत होता, तेव्हा आतून रुक्मानं “कोण हाये रे?” असा आवाज दिला आणि तो माणूस चादरी टाकून पळाला. ते क्वार्टर रुक्माचं नव्हतं.

“वा,” तेजराम म्हणाला आणि वही मिटली.

“मी उद्या चालली,” वसुंधराबाई म्हणाल्या. “एकटी. तुमी बसा चाब्या मोजत.”

दुसऱ्या दिवशी बाबाराव जमा झालेल्या चाब्या टेबलावर तशाच सोडून त्यांच्या मागून बॅग घेऊन दुर्ग स्टेशनपर्यंत गेले, आणि गाडी हलली तेव्हा डब्यात होते. वाटेत डोंगरगडला त्यांना आठवलं, की दाराला कुलूप लावायचंच राहून गेलं. परतल्यावर पाहतात तो घर झाडलेलं, दाराला कुलूप आणि टेबलावर पुराव्यातून सुटलेला केकचा तुकडा, वर बशी झाकलेली.

त्या डिसेंबरात सडकेवर चोऱ्या शून्य. समितीनं सचिवांचं अभिनंदन केलं, आणि त्याच बैठकीत, अशी धोकादायक परिस्थिती पुन्हा उद्भवू नये म्हणून, बत्तीस वेगवेगळी कुलपं घ्यायचा ठराव एकमतानं मंजूर केला. (बायकांना बैठकीचं बोलावणं नव्हतं.) नवी कुलपं उत्कृष्ट निघाली. कोणाची चाबी कोणाला लागेना. बासष्टच्या नाताळात पाच चोऱ्या झाल्या आणि शेजाऱ्यांनी जबाबात एकमुखानं सांगितलं, की आपल्याला काही ऐकू आलं नाही.

तुम्ही हे वाचताना हसला असाल. मधेच एकदा उठून दाराची कडीही पाहून आला असाल, तेही बरोबरच. आता जमलं तर तसंच बाहेर जाऊन समोरच्या दारावरची पाटी वाचून या. इतकी वर्षं राहून राहिले तुम्ही तिथं; त्या माणसाचं नाव तरी कळेल.