फाळक्याला आलेलं बोलावणं

"माझ्या गाडीत खोट काढून दाखवा!" असं लवू पेडणेकर घोडपदेवच्या अख्ख्या चाळीला छातीठोकपणे सांगायचा, आणि खोट काढली ती नेमकी गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच!

संपात गिरणी सुटली तेव्हा लवूने कामावर बोलावणाऱ्या पत्राची दोन वर्षं वाट पाहिली. मग नाइलाजाने एक जुना पिकअप घेतला आणि धक्क्यावरची मासळी दादरला पोचवू लागला. आता संपाला सतरा वर्षं झाली होती. तरी पोस्टमन जिन्यात दिसला की लवूच्या हातातला चहा हातातच राहायचा. त्या दिवशी पोस्टमन खरंच त्याच्या दारात थांबला.

"कंपनीचं पत्र!"

लवूने चहा खाली ठेवला. मुलगी सुमेधाने पत्र वाचलं.

"बाबा, गिरणीचं नाही. गाडीच्या कंपनीचं आहे. आपल्या मॉडेलच्या मागच्या फाळक्याची कडी सदोष आहे, चढावर आपोआप उघडते. चूक आमची आहे, गाडी घेऊन या, फुकट बदलून देतो, असं लिहिलंय."

लवू हिरमुसला. फाळका उघडतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो सुती दोरीने करकचून बांधायचा. पण दोरीने बांधता येते ती खोट नव्हे, असं त्याचं मत होतं.

शेजारचे शामराव संपाच्या वेळचे गिरणीतल्या त्याच्या खात्याचे पुढारी. ते पत्र ऐकून उसळलेच!

"खंयची कंपनी आपली चूक मानता रे? आत बोलावतली आणि कोऱ्या कागदार सही मागतली! एकट्यान गेटात जावचा नाय!"

गिरणीत परत गेलेल्यांचं तसंच झालं होतं. त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

सोमवारी शिष्टमंडळ निघालं. शामराव आणि आणखी चार जुने कामगार, गणपती मंडळाच्या बाकड्यावर, गाडीच्या मागच्या हौद्यात.

"ती दोरी सोड आधी!" शामराव गरजले. "कंपनीक खोट दिसाक नको? पुरावो आसा तो!"

दोरी सुटली. चिंचपोकळीच्या पुलाचा चढ लागला आणि कडी खाडकन उघडली, फाळका पडला, बाकडं पाचही जणांसकट घसरून अलगद रस्त्यावर उतरलं. एकही जण जागचा हलला नाही! मागची बस कचकन थांबली.

"लवू! थांब रे, थांब!" पाचांचा एकच आवाज उठला.

लवूला वाटलं, घोषणा सुरू झाल्या. किती वर्षांनी! त्याचा ऊर भरून आला. दोनदा हॉर्न वाजवून त्याने साथ दिली आणि गाडी पिटाळली.

वर्कशॉपच्या गेटातून तो ऐटीत आत शिरला. मागे पाहतो तर हौद्यात शामरावांची एक चप्पल! म्हणजे उभ्या संपात जे केलं नाही ते आज झालं होतं. तो एकटाच गेटाच्या आत आला होता. इंजिनीअरने सहीसाठी फॉर्म पुढे केला, तसं लवूने स्टीअरिंग घट्ट धरलं.

"माझी माणसं आल्याशिवाय सही नाही!"

अर्ध्या तासाने माणसं आली. बाकडं खांद्यावर, शामराव एका चपलेवर, आणि सगळे भांडायला टपलेले. पण तो तरुण इंजिनीअर लगबगीने पुढे आला आणि त्याने हात जोडले.

"काका, लागलं का कुठे? चूक आमची आहे. माफ करा."

शामरावांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "परत एकदा बोला."

साहेब परत बोलला. लवूने फॉर्म न वाचताच सही केली. हेच शब्द ऐकायला तो सतरा वर्षं थांबला होता. आले ते भलत्याच कंपनीकडून.

नवी कडी बसली. परतताना पुलावर फाळका तसूभर हलला नाही. चाळीत पोचल्यावरही हलला नाही! लवूने ओढला, ठोकला, लाथ मारली. वरून उडी मारायचं वय हौद्यात बसलेल्या पाचांपैकी कोणाचंच नव्हतं.

"अहो, त्यांना उतरवा की आधी!" लवूची बायको अंबिका गॅलरीतून ओरडली. "चहा झालाय!"

"चाय हयच धाड गो," शामराव बाकड्यावर मांडी घालत म्हणाले. "घाई खंय आसा? कंपनी परत बोलावतली."